वाकेन तर मोडेन

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा आमच्या घराण्याचा बाणा. माझी आईही शेवटपर्यंत ताठ होती. एका पावसाळ्यात न्हाणीघरात तिचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि ती कॉटवर पडली ती पुन्हा उठलीच नाही. तिच्या मोडण्याचा बाण्याशी संबंध नव्हता, हाडंच ठिसूळ झाली होती, हे कळायला मला स्वतःची साठी उलटावी लागली.

बँकेतली नोकरी खुर्चीत बसून केली, कादंबऱ्याही बसूनच लिहिल्या. निवृत्तीनंतर भरपाई म्हणून योगवर्गाला जाऊ लागले. शिक्षक उत्साही. ‘ताई, कपाळ गुडघ्याला लागलंच पाहिजे!’ एके सकाळी पश्चिमोत्तानासनात मी ते लावलं आणि काडी मोडावी तशी पाठीत कळ आली. एक्स-रेत एक मणका चेपलेला दिसला. हाडांच्या घनतेचा टी-स्कोअर आला उणे २.९. उणे २.५ वा त्याखाली गेलं, की ऑस्टिओपोरोसिस.

दुसऱ्यांची खाती तपासण्यात माझं आयुष्य गेलं. हे खातं मात्र कधी उघडून पाहिलं नव्हतं. साधारण तिशीपर्यंत त्यात भर पडते, पुढे खर्चच अधिक. पाळी थांबल्यावर तर काही वर्षं तो फार वेगाने होतो.

आता हलायचंच नाही, असं मी ठरवलं. डॉक्टर बाई हसल्या. ‘अंतराळात शरीराचा भार हाडांवर पडत नाही, म्हणून अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक-दीड टक्का झिजतं. तुम्ही घरबसल्या अंतराळात जाणार का?’ भार पडेल तसं हाड घडतं, हे जर्मन शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी १८९२ सालीच ग्रंथात मांडलं होतं.

पण भार कसा, हे महत्त्वाचं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या १९८४च्या अभ्यासात, हाडं ठिसूळ झालेल्या ज्या स्त्रिया पुढे वाकण्याचे व्यायाम करत होत्या, त्यांच्यात मणके चेपण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. पाठ मागे ताणणाऱ्यांत सर्वांत कमी.

मणका भरून आल्यावर डॉक्टरांना विचारूनच मी सुरुवात केली. रोज अर्धा तास भरभर चालणं. ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं. पालथं पडून छाती किंचित उचलणं. लहानपणापासूनचे सूर्यनमस्कार सोडताना वाईट वाटलं. खाली पडलेली वस्तू आता गुडघे दुमडून, पाठ सरळ ठेवून उचलते. देवालाही उभ्यानेच हात जोडते. त्याची हरकत दिसत नाही. औषधं चालू आहेतच. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. आईच्या वेळी ती असती तर, हा विचार अजून सुटत नाही.

अकरा वर्षांची नात परवा हॉलमध्ये लंगडी खेळत होती. सून ओरडली, ‘खालचे लोक तक्रार करतील!’ मी म्हटलं, ‘अगं, खेळू दे तिला. नाहीतर खाली अंगणात पाठव, पण बसवून ठेवू नकोस. तिचे हे भरणा करायचे दिवस आहेत.’

आणि ओट्याला धरून मीही एक पाय उचलला.