तीनातला एक

थुरिंगिया हे जर्मनीच्या मधोमध वसलेलं राज्य आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहूनही थोडं लहानच. लोकसंख्या जेमतेम 21 लाख. गटे आणि शिलर इथल्या वायमारमध्ये राहिले, जर्मनीच्या पहिल्या प्रजासत्ताकाची राज्यघटना 1919 साली त्याच गावच्या नाट्यगृहात तयार झाली. पुढे अठरा वर्षांनी त्याच गावाबाहेरच्या टेकडीवर बुखेनवाल्डची छळछावणी उभी राहिली आणि तिथे सुमारे 56 हजार माणसं मेली. शेजारच्या येना शहरात मी राहते. मूळची सांगलीची, पुण्यात जर्मन शिकले, इथे भिंगांच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि रमले. नागरिकत्व घेतलं, भारतीय पासपोर्ट परत केला. माझी मुलगी इथेच जन्मली.

1 सप्टेंबर 2024 च्या रविवारी मी राज्याच्या विधानसभेसाठी पहिल्यांदा मत दिलं. इथे अजून कागदी मतपत्रिका असते. एक फुली उमेदवारासमोर, दुसरी पक्षासमोर. संध्याकाळी सहाला मतदान संपलं की त्याच खोलीत मोजणी सुरू होते आणि ती कोणालाही उभं राहून बघता येते. मी थांबले. मोजणारे सगळे गल्लीतलेच लोक: एक शिक्षिका, एक विद्यार्थी, पेन्शनर आजोबा. आमच्या केंद्रावर एएफडी या पक्षाचा गठ्ठा सगळ्यांत उंच नव्हता. येना हे विद्यापीठाचं शहर आहे. पण रात्री राज्याचा निकाल आला: एएफडी 32.8 टक्के, पहिला क्रमांक. महायुद्धानंतर जर्मनीतल्या कुठल्याही राज्यात अतिउजवा पक्ष पहिला आला तो तेव्हाच.

म्हणजे तीन मतदारांत एक. दुसऱ्या दिवशी ट्रॅममध्ये बसले आणि मनात नको ते गणित सुरू झालं. समोरच्या बाकावर तिघं बसलेत, यातलं कोण? माझ्या मुलीच्या डॉक्टरबाई? पोहण्याच्या तलावावरचा तो हसरा मुलगा? कोणी माझ्याशी वाईट वागलं नव्हतं. तरी माझी नजर बदलली होती, आणि अशा निकालाचं पहिलं नुकसान मी हेच मोजते.

या पक्षाचा इथला नेता ब्योर्न ह्योके. पूर्वी तो शाळेत इतिहास शिकवायचा. नाझीकाळाची आठवण ठेवण्याच्या जर्मन पद्धतीत 180 अंशांचा बदल हवा, असं तो 2017 साली जाहीर सभेत म्हणाला. निवडणुकीच्या आधी मे 2024 मध्ये, हिटलरच्या एसए दलाची बंदी असलेली घोषणा भाषणात वापरल्याबद्दल हाले इथल्या कोर्टाने त्याला 13 हजार युरोंचा दंड केला. घोषणेचा उगम आपल्याला ठाऊक नव्हता, असं या माजी इतिहासशिक्षकाने कोर्टात सांगितलं. राज्याच्या घटना-संरक्षण खात्याने 2021 मध्येच पक्षाच्या इथल्या शाखेला 'निश्चितपणे अतिउजवी' ठरवलं होतं. म्हणजे मत देणाऱ्यांपासून काहीही लपलेलं नव्हतं.

प्रचारात मात्र तो आरडाओरड करत नव्हता. तरुणांना घेऊन जुन्या सिमसन मोपेड चालवत गावोगाव फिरत होता. ही मोपेड थुरिंगियातल्या झूल गावी बनायची आणि पूर्व जर्मनीत घरोघरी असायची. तिच्या आवाजाबरोबर एक अख्खं हरवलेलं जग परत येतं. लोकांना भडकवणारा नेता आधी मायेने बोलतो, हे मी इथे पाहिलं. माया दाखवून झाली की मग तो सांगतो, तुमचं हे जग कोणी हिरावलं. माझी मुलगी तेव्हा नुकती वाचायला लागली होती आणि शाळेच्या वाटेवरच्या खांबांवर परदेशी लोकांना परत पाठवण्याची पोस्टरं होती.

आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी सत्तरीचे आहेत. तरुणपणी त्यांनी इथल्या झाइस कारखान्यात काम केलं. जर्मनी एक झाल्यावर त्या कारखान्यातल्या हजारो जणांबरोबर त्यांचीही नोकरी गेली. मुलं पश्चिमेकडे निघून गेली. याच राज्याच्या उत्तरेला बिशोफरोडं गावच्या पोटॅश खाणीतल्या कामगारांनी 1993 साली उपोषण केलं, तरी खाण बंद झाली. ती गोष्ट ते अजून कालची असल्यासारखी सांगतात. मी हे सगळं खरं मानते. त्यांनी एएफडीला मत दिलं हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. मी विचारलं, "मग आम्ही कुठे जायचं?" ते मनापासून म्हणाले, "छे, ते तुमच्याबद्दल नाही! तुम्ही तर काम करता."

त्यांना वाटलं, मला धीर आला असेल. मला त्या वाक्याची इतर कशाहूनही जास्त धास्ती वाटते. माझा इथला हक्क कायद्याने दिलेला आहे, शेजाऱ्याच्या मर्जीने नाही. उद्या माझी नोकरी गेली, मी आजारी पडले, तर मी 'त्यांच्यातली' होणार का? जानेवारी 2024 मध्ये पोट्सडामच्या एका हॉटेलातल्या गुप्त बैठकीची बातमी फुटली. एएफडीची काही मंडळीही तिथे हजर होती आणि परदेशी मुळाच्या लोकांना मोठ्या संख्येने देशाबाहेर घालवण्याची चर्चा झाली, असं बातमीत होतं. लाखो जर्मन रस्त्यावर उतरले, आम्हीही गेलो. सांगलीहून आईचा फोन आला, "परत ये गं, काय ठेवलंय तिथे?" तिला काय सांगणार? घर ठेवलंय, आई.

तेव्हापासून मी या राज्याचा 1930 चा इतिहास वाचत सुटले, आणि माझ्या भीतीचं तोंड थोडं फिरलं.

हिटलरच्या पक्षाला 1928 च्या राष्ट्रीय निवडणुकीत फक्त 2.6 टक्के मतं होती. डिसेंबर 1929 मध्ये थुरिंगियाच्या विधानसभेत त्यांना 53 पैकी 6 जागा मिळाल्या. उजव्या पक्षांना सरकारसाठी त्या सहांची गरज होती. हिटलरने दोनच खाती मागितली, गृह आणि शिक्षण. पोलीस आणि शाळा. दिली! जानेवारी 1930 मध्ये विल्हेल्म फ्रिक मंत्री झाला, देशातला पहिला नाझी मंत्री. त्याने रेमार्कची युद्धविरोधी कादंबरी शाळांतून हद्दपार केली. वायमारच्या संग्रहालयातून क्ले, कांडिन्स्की यांची चित्रं काढली गेली. माझ्या येनाच्या विद्यापीठात प्राध्यापकांचा विरोध डावलून वंशशास्त्रवाला हान्स ग्युन्टर याला अध्यासन दिलं. त्याच्या पहिल्या व्याख्यानाला खुद्द हिटलर आला होता. हिटलरला तेव्हा जर्मन नागरिकत्वच नव्हतं. फ्रिकने त्याला एका छोट्या गावी पोलीस अधिकारी नेमून ते मिळवून देण्याचाही घाट घातला, तो फसला. एप्रिल 1931 मध्ये अविश्वास ठरावाने फ्रिक गेला. पण सरावाचं मैदान मिळालं होतं.

बर्लिनमध्येही तसंच घडलं. नोव्हेंबर 1932 च्या निवडणुकीत हिटलरची मतं 37 टक्क्यांवरून 33 वर घसरली होती. बहुमत त्याला मोकळ्या निवडणुकीत कधीच मिळालं नाही. 30 जानेवारी 1933 रोजी त्याला चॅन्सेलर नेमलं ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने, आणि मध्यस्थी केली फॉन पापेनसारख्या उजव्या पुढाऱ्यांनी. आपण त्याला चौकटीत ठेवू, अशी त्यांची खात्री होती. दोन महिन्यांच्या आत संसदेने स्वतःचे अधिकार त्याच्या हाती दिले.

बाबांना मी हे फोनवर सांगितलं. ते शिक्षक होते, आणीबाणी त्यांनी पाहिली आहे. म्हणाले, "कलम 352 घटनेतच होतं. असलं सगळं कायद्याच्या कागदावरूनच येतं गं." मग म्हणाले, "पण 77 ला मत द्यायला मिळालं, तेवढ्यावर निभावलं."

म्हणून मी आता मतांच्या आकड्याहून जास्त कामकाजाच्या नियमांकडे बघते. फेब्रुवारी 2020 मध्ये याच विधानसभेत एका छोट्या उदारमतवादी पक्षाचा उमेदवार टोमास केमेरिश एएफडीच्या मतांवर मुख्यमंत्री निवडून आला. देशभर एवढा गदारोळ उठला की त्याला काही दिवसांत राजीनामा जाहीर करावा लागला. 26 सप्टेंबर 2024 रोजी नव्या विधानसभेची पहिली बैठक भरली. वयाने सर्वांत ज्येष्ठ म्हणून एएफडीचे सदस्य पीठासनावर होते. सभापतिपदासाठी उमेदवार कोणी सुचवायचा, यावर इतर पक्षांचे ठराव ते मतालाच टाकेनात. मी कामावरून येऊन ते थेट प्रक्षेपण बघत बसले. घोटाळा, तहकुबी, पुन्हा घोटाळा. एक ख्रिश्चन डेमोक्रॅट सदस्य ओरडला की तुम्ही चालवलंय ते 1933 सारखं सत्ता बळकावणं आहे. प्रकरण वायमारच्या घटना न्यायालयात गेलं, दुसऱ्या दिवशी रात्री निर्णय आला आणि 28 तारखेला ख्रिश्चन डेमोक्रॅट टाडेउस क्योनिग सभापती झाले. हा नियम वेळीच स्पष्ट करून घ्या, असं घटनातज्ज्ञ निवडणुकीच्या कितीतरी आधीपासून सांगत होते. ऐकलं नाही, याचा मला आजही राग आहे.

न्यायालयाने त्या दिवशी सभागृह वाचवलं. पण 88 पैकी 32 जागा म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, आणि जिथे दोन तृतीयांश मतं लागतात तिथे हा पक्ष एकटा काम अडवू शकतो. न्यायाधीश निवडणाऱ्या समितीच्या नेमणुका अशाच अडवल्या गेल्या. केंद्रात मात्र शहाणपण झालं. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च घटना न्यायालयाची रचना राज्यघटनेतच पक्की केली, म्हणजे साध्या बहुमताने ती मोडता येणार नाही. फेब्रुवारी 2025 च्या राष्ट्रीय निवडणुकीत एएफडी 20.8 टक्क्यांवर, दुसऱ्या क्रमांकावर आली.

या निवडणुकीत मी टेबलाच्या पलीकडे बसले, स्वयंसेवक म्हणून. नाव नोंदवलं की नगरपालिका प्रशिक्षण देते, चहापाण्यापुरते पैसेही देते. खालच्या मजल्यावरचे शेजारी मत द्यायला आले. मी यादीत त्यांचं नाव शोधलं, खूण केली, मतपत्रिका दिली. ते "धन्यवाद" म्हणाले, मीही म्हणाले. त्यांचं मत मी मोजलं, जसंच्या तसं मोजलं.

हल्ली ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षातली काही मंडळी म्हणू लागली आहेत की या लोकांना किती दिवस बाहेर ठेवणार, जबाबदारी दिली की आपोआप शांत होतील. परवा शनिवारच्या बाजारात त्या पक्षाच्या टेबलापाशी मी थांबले आणि तिथल्या कार्यकर्त्याला विचारलं, तुमचा उमेदवार एएफडीबरोबर सरकार करणार नाही, हे तुम्ही मला लेखी द्याल का? त्यांनी फ्रिकचं नाव ऐकलेलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी पत्ता लिहून घेतला, उमेदवाराकडून उत्तर मिळवून देतो म्हणाले. 2029 च्या विधानसभा निवडणुकीआधी हा प्रश्न मी प्रत्येक टेबलावर विचारणार आहे.