अर्धाच दे हं...!

आपल्याकडे चांगली बातमी कोरड्या तोंडाने सांगता येत नाही. नोकरी लागली, पेढे. मुलगा झाला, पेढे. मुलगी झाली, बर्फी (हा भेद मला कधीच पटला नाही, पण तो वेगळा विषय!). गाडी घेतली, पेढे. गाडीचं कर्ज फिटलं, तरी पेढे. आणि कॅम्पस इंटरव्ह्यूच्या सीझनला आपल्या हॉस्टेलमध्ये काय चालतं ते तर तुम्हाला माहीत आहेच. त्या पंधरा दिवसांत ब्रेकफास्ट चुकवलेला माणूससुद्धा उपाशी राहत नाही.

घाबरू नका, हा लेख ‘साखर म्हणजे विष’ छाप नाही. दिवाळीच्या करंजीबद्दल किंवा आईच्या पुरणपोळीबद्दल माझी काही तक्रार नाही. मला बोलायचंय ते कामाच्या जागी रोज आपोआप समोर येणाऱ्या गोडाबद्दल. जे आपण मागितलेलं नसतं, ज्याची भूक नसते आणि तरी जे खाल्लं जातं, ते.

सहावं सेमिस्टर संपल्यावर मी सहा आठवडे एका कंपनीत इनप्लांट ट्रेनिंग केलं. बसायला जागा मिळाली ती डिझाईन सेक्शनमध्ये, बरोबर प्रिंटरशेजारी. आणि सेक्शनमध्ये येणारा प्रत्येक बॉक्स ठेवायची जागा म्हणजे त्याच प्रिंटरशेजारचं टेबल! कुणी गावाहून आलं की साताऱ्याचे कंदी पेढे. लोणावळ्यावरून आलं की चिक्की. नागपूरवाले संत्राबर्फी आणायचे. वाढदिवसाला चार वाजता केक. प्रमोशन, साखरपुडा, मुलाचा दहावीचा निकाल, कुणाचं ड्रॉइंग कस्टमरने पहिल्या फटक्यात पास केलं... कारणांना तोटा नाही. ड्रॉइंगचा प्रिंट घ्यायला माणूस उठला की बॉक्स उघडणार, हे ठरलेलं. दिवसातून आठ वेळा प्रिंट, आठ वेळा बॉक्स.

आमच्या सेक्शनमध्ये एक सीनियर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. रिटायरमेंट जवळ आलेली, शुगर बरीच वर्षांची, जेवणाआधी गोळी. घरून डब्यात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. म्हणजे पथ्य अगदी कडक! पण पेढा पुढे आला की काका म्हणायचे, “अर्धाच दे हं.” मी एकदा विचारलं, “काका, नाही म्हणा ना सरळ.” तर म्हणाले, “अगं, त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. त्याच्या आनंदाला नाही कसं म्हणू?” आता हे चुकीचं आहे असं मला म्हणता येईना. फक्त, दिवसभरात चार जणांच्या आनंदाला अर्धा-अर्धा हो म्हटलं तर दोन पेढे होतात, एवढं साधं इंटिग्रेशन आहे.

मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. डाएटवरचे सगळे लेख सांगतात, मनावर ताबा ठेवा. पण ऑफिसातला पेढा हा जिभेचा प्रश्न नसून मानाचा आहे. आपल्याला हे ट्रेनिंग लहानपणापासून मिळतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये बाकी शिस्त भयंकर, पण ज्याचा बर्थडे असेल त्याने रंगीत कपडे घालून वर्गात टॉफी वाटायच्या, आणि सिस्टरसुद्धा एक घ्यायच्या. टॉफी घेतली नाही तर कट्टी. वीस वर्षांनी तोच मुलगा इंजिनियर होऊन ऑफिसात केक कापतो आणि आपण तोच नियम पाळतो.

आता थोडा हिशोब, कारण त्याशिवाय आपल्या कॉलेजच्या अंकात लेख छापत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर (त्यात मध आणि फळांचा रसही आला; अख्खं फळ आणि दूध नाही) दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर उत्तम. २००० कॅलरी धरल्या तर ५ टक्के म्हणजे १०० कॅलरी. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी. म्हणजे झाली २५ ग्रॅम. हलवायाप्रमाणे प्रमाण बदलतं, पण २० ग्रॅमच्या पेढ्यात एक तृतीयांश साखर धरली तर एका पेढ्यात साडेसहा ग्रॅमच्या आसपास. ग्लुकोज बिस्किटांचं पाकीट उलटं करून वाचा, १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम साखर सापडेल. कोल्ड्रिंकची ३०० मिलीची बाटली तर एकटीच ३० ग्रॅमच्या पुढे जाते.

पण या सगळ्यांपेक्षा लबाड कोण माहीत आहे? चहा! दोन चमचे साखरेचा एक कप म्हणजे ८ ग्रॅम. सकाळी, अकराला आणि चारला असे तीन कप झाले की २४ ग्रॅम. पेढ्याच्या बॉक्सला हात लावायच्या आधीच दिवसाचा कोटा संपला. ऑफिसातल्या मशीनच्या चहात साखर किती घालायची हे आपल्या हातात नसतं, आणि आपल्या कॅन्टीनच्या पातेल्यातही नसतं.

हे आकडे विशीतल्या माणसाला लागू नाहीत असं कुणाला वाटत असेल तर ऐका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शिवाय आपल्या भागातल्या लोकांना तो युरोपियन लोकांपेक्षा कमी वयात आणि कमी वजनावर होतो. “मी तर बारीक आहे” हे प्रिलिमला सिलॅबसच्या बाहेरचं लिहिल्यासारखं आहे, मार्क मिळत नाहीत. सरकारलाही याची दखल घ्यावी लागली. २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले आणि जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत साखर आणि तेलाचे फलक लावावेत असं सुचवलं. लगेच समोसा-जिलबीवर इशारा छापणार अशी आवई उठली, ती सरकारने जुलैमध्ये खोडून काढली. फलक लावायला हरकत नाही. पण फलक भिंतीवर असतो आणि पेढा हातात, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

मग करायचं काय? ऑफिसातल्या टेबलावरच्या चॉकलेटच्या वाटीबद्दल अमेरिकेतल्या ब्रायन वॅन्सिंक यांचा २००६ चा एक प्रयोग फार सांगितला जातो: वाटी डोळ्यांसमोर आणि हाताशी असली की जास्त खाल्लं जातं. पण याच गृहस्थांचे बरेच पेपर पुढे मागे घेतले गेले, २०१८ साली तर एका दिवसात सहा! म्हणून त्यांच्या आकड्यांवर मी काही रचणार नाही. प्रिंटरशेजारी सहा आठवडे बसून जे दिसलं ते मात्र सांगते. सेक्शनमधल्या सर्वांत सीनियर मॅडमनी एके दिवशी बॉक्स उचलून पॅन्ट्रीतल्या कपाटात ठेवला. ज्याला हवा त्याने जाऊन घ्यावा, कुणाला बंदी नाही. आणि प्रिंटरच्या टेबलावर एक मोठी बरणी ठेवली: फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे, निम्मे निम्मे. भाषण नाही, नोटीस नाही. पहिल्या दिवशी लोक हसले. आठवड्याने बरणी भरायची पाळी लागली, आणि पाळीवरून भांडणंही!

हे चाललं याचं कारण मला असं वाटतं की हात तसाच जाऊ दिला होता, फक्त त्याच्या खालची वस्तू बदलली होती. शिवाय चार वाजता खरंच थोडी भूक असते. दुपारी साडेबाराला जेवलेल्या माणसाला पेढा हा मान म्हणून मिळतो, पण तो खातो भुकेपोटी. २०२१ साली ‘नेचर मेटॅबोलिझम’ मध्ये हजाराहून जास्त लोकांवरचा एक अभ्यास आला. खाल्ल्यावर दोन-तीन तासांनी ज्यांची रक्तातली साखर जास्त खाली घसरते त्यांना पुढची भूक जास्त लागते आणि ते जास्त खातात, असं त्यात दिसलं. फुटाण्यात आणि दाण्यात प्रोटीन आणि चोथा (कंट्रोल सिस्टीमवाल्यांनी डॅम्पिंग म्हणावं) असल्यामुळे हा झोका कमी बसतो आणि पोट जास्त वेळ धरून राहतं. तीन वाजता येणाऱ्या झोपेचा मात्र साखरेशी संबंध लावू नका. ती शरीराच्या घड्याळाचीच असते, न जेवताही येते. तिच्यासाठी उठून शॉप फ्लोअरला एक चक्कर मारणं चांगलं.

‘स्नॅक’ला मराठीत काय म्हणायचं यावर मी बराच विचार केला. आजी म्हणते, ‘मधल्या वेळचं’. या मधल्या वेळच्या खाण्यात आपण खरं तर श्रीमंत आहोत. ज्वारीच्या लाह्या, चुरमुरे, मोड आलेली मटकी, उकडलेल्या शेंगा, पेरू, काकडी, केळं, ताक. जयसिंगपूरकडचं कुणी रूममेट असेल तर भडंग (तेल बेताचं असेल तर!). फळ अख्खंच खावं, ज्यूस करून नाही. उकडलेलं अंडंही उत्तम, हॉस्टेलवर इलेक्ट्रिक केटलमध्ये मस्त होतं. रेक्टर मॅडम, मागचं वाक्य कृपया वाचू नका.

फसवणारे मात्र बरेच आहेत. चिक्की शेंगदाण्यांची असली तरी तिला धरून ठेवतो तो गूळ, आणि गूळ म्हणजे रंग बदललेली साखरच. ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किटात पचायला मदत करणारं काय असतं ते मला पाकिटावर सापडलं नाही, साखर आणि तेल मात्र सापडलं. फरसाणात साखर नाही म्हणून ते सोज्वळ होत नाही. शेंगदाणेही मूठभरच: ३० ग्रॅममध्ये १७० कॅलरी असतात. मूठभर म्हणजे आपली मूठ, रूममेटच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या भावाची नाही. आणि ज्यांना इन्शुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. अशा माणसाच्या ड्रॉवरमध्ये ग्लुकोजचं पाकीट असेल तर ते साखर एकदम खाली गेली तर वापरायचं औषध आहे. त्याला कुणी खाऊ समजू नये.

राहिला मानाचा प्रश्न. त्याचं उत्तर शॉप फ्लोअरवरच्या एका ऑपरेटरकडे मिळालं. पेढा दोन्ही हातांनी घ्यायचे, “अभिनंदन साहेब” म्हणायचे आणि कागदात गुंडाळून डब्यात ठेवायचे, घरी मुलीसाठी. पेढा देणाऱ्याला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. घेतला की मान राहिला, तिथल्या तिथे खाल्लाच पाहिजे असं कुठे आहे? काकांना ही युक्ती पसंत पडली. मी निघाले त्या आठवड्यात त्यांच्या ड्रॉवरमध्ये तीन पेढे होते, नातवासाठी. आणि ज्याला आनंद वाटायचाच आहे त्यानेही दुसरं काही आणायला हरकत नाही. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीच्या पूजेला प्रसाद म्हणून चणे-फुटाणे चालतात, मग प्लेसमेंटला का नाही? अर्धा किलो पेढ्यांच्या पैशात किलोभर फुटाणे येतात आणि पूर्ण विंगला पुरतात.

आपल्या डिपार्टमेंटलाही हे जमण्यासारखं आहे. स्टाफ रूममधला बॉक्स हजेरीच्या रजिस्टरशेजारी असतो, तो फक्त तिथून हलवायचा आहे. मेसचं जेवण साडेबाराला आणि रात्रीचं आठला, मधल्या साडेसात तासांत कॅन्टीनमध्ये वडापाव, क्रीमरोल आणि चहा एवढंच. उकडलेले चणे, पेरू आणि ताक ठेवायला कॅन्टीनच्या मामांची तयारी आहे, निदान वीस प्लेट खपल्या पाहिजेत इतकीच अट आहे. बिनसाखरेचा चहाही मिळतो, पण तो साडेदहाच्या आत जाऊन सांगावा लागतो, कारण अकराच्या चहाची साखर तेव्हाच पातेल्यात पडते. “शुगर आहे का गं तुला?” असं मामा विचारतील. नाही म्हणून सांगायचं आणि कप घ्यायचा.