कंपनीत जाऊन आलेला निदेशक संशोधक कधी होतो?

नेट-पेटची तयारी करताना ‘संशोधन’ म्हटलं की डोळ्यांसमोर प्रयोगशाळा आणि जर्नल येतं. आयटीआयमधला टर्नरचा निदेशक काही येत नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात नागापूर, सुपे इथे एमआयडीसी आहे, आयटीआयसुद्धा आहेत. म्हणजे विषय आपल्या दारातच आहे.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये विद्वत्तेचे चार प्रकार मांडले: नवा शोध, वेगवेगळ्या ज्ञानाची सांगड, ज्ञानाचा वापर आणि अध्यापन. निदेशकाचं काम शेवटच्या दोन प्रकारांत सहज बसतं. शिवाय २०१६ पासून आयटीआयमध्ये ‘ड्युअल सिस्टीम ऑफ ट्रेनिंग’ आली. यात प्रशिक्षणाचा काही भाग संस्थेत होतो आणि काही प्रत्यक्ष उद्योगात. त्यामुळे निदेशकाचा कंपनीशी संबंध येतोच.

पण नुसती कंपनीची भेट म्हणजे संशोधन नव्हे. फरक कुठे पडतो, ते एका कल्पित उदाहरणावरून बघू.

समजा, सीएनसी लेथवर २५ मि.मी. व्यासाचे शाफ्ट बनतायत आणि ±०.०२ मि.मी. फरक चालतो. लागोपाठच्या जॉबची मापं येतात २५.००४, २५.००९, २५.०१३. तिन्ही जॉब पास! तरीही जुना ऑपरेटर थांबतो आणि ऑफसेट बदलतो. कारण टूल झिजतंय, माप चढत चाललंय. आयटीआयमध्ये मात्र एकच जॉब करून तपासला, तर ही चढण दिसणारच नाही. मुलगा मायक्रोमीटर बरोबर वाचेल, पण कामावर कधी थांबायचं ते त्याला कळणार नाही. मग रिजेक्शन निघालं की बोलणी तोच खाणार.

हे निदेशकाच्या लक्षात आलं, तर तो अनुभव झाला. त्याने प्रश्न नेमका केला, ‘मापांचा कल ओळखून निर्णय घेणं मुलं कशी शिकतात?’, एका बॅचला सलग दहा जॉबची मापं लिहायला लावली, आधीच्या आणि नंतरच्या निर्णयांची तुलना केली, आणि जे दिसलं ते लिहून इतर निदेशकांसमोर तपासायला ठेवलं, तर ते संशोधन झालं. प्रश्न, पुरावा आणि इतरांकडून तपासणी, यातलं एक जरी गळलं तरी तो फक्त भेटीचा अहवाल उरतो.

तुम्ही असा विषय घेणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. कंपनीची ड्रॉइंग आणि आकडे लेखी परवानगीशिवाय वापरू नका. आणि मुलांचे गुण निदेशकाच्याच हातात असतात, त्यामुळे त्यांची संमती दबावाखाली तर नाही ना, हे बघा. नाही म्हणणाऱ्याचं नुकसान होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं.

ऑपरेटरच्या हातातलं असं बरंच ज्ञान तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जातं. ते वर्गापर्यंत आणू शकणारा माणूस म्हणजे निदेशक. तुमच्या प्रपोजलमध्ये त्याला फक्त प्रश्नावली भरणारा ‘प्रतिसादक’ ठेवू नका, सहसंशोधक म्हणून घेता येतो का ते बघा.