दुकानात न मिळणारा पार्ट

दोस्तांनो, सायकलचं पेडल तुटलं तर तुम्ही काय करता? दुकानात जाता, "काका, एक पेडल द्या" म्हणता आणि काका फळीवरून डबा काढून पेडल हातात ठेवतात. सोपं काम! पण समजा, तुमची सायकल अशी आहे, की तिच्यासारखी दुसरी साऱ्या जगात नाही. मग तिचं पेडल कुठल्या दुकानात मिळणार, सांगा बरं? कुठल्याच नाही. ते आपलं आपणच घडवावं लागणार.

अमेरिकेत अनेक हौशी माणसं घरच्या गॅरेजमध्ये अशाच एकुलत्या एक गाड्या बांधतात. त्या गाड्यांना म्हणतात ‘हॉट रॉड’. नावावरून तापलेला गज वाटतो, हो ना? पण ही असते मोटार! सांगाडा जुन्या गाडीचा, इंजिन दुसऱ्याच गाडीचं, चाकं तिसरीची. मग या सगळ्यांना एकमेकांशी जोडायचं कसं? तीच तर खरी गंमत आहे.

आटलेल्या तळ्यातली शर्यत

हॉट रॉडचा जन्म झाला दक्षिण कॅलिफोर्नियात. लॉस एंजलिस शहराच्या उत्तरेला मोहावीचं वाळवंट आहे. तिथल्या काही तळ्यांतलं पाणी आटलं, की खाली उरतो कडक, परातीसारखा सपाट तळ. म्युरॉक हे त्यांतलंच एक तळं. १९३० नंतरच्या वर्षांत तरुण पोरं आपल्या जुन्या मोटारी घेऊन तिथे जमत आणि कोणाची गाडी किती धावते ते मोजत. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था काढली.

आता या पोरांना मोटारी परवडत कशा? त्याचं असं झालं. हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’च्या तब्बल दीड कोटी गाड्या बनवल्या. पुढे १९३२ साली फोर्डनेच एक नवं इंजिन आणलं. त्याला आठ सिलिंडर, चार इकडे नि चार तिकडे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे मांडलेले. ताकद ६५ अश्वशक्ती. साध्या माणसाच्या गाडीत त्या काळी एवढी ताकद म्हणजे मोठीच गोष्ट! काही वर्षांनी या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. पोरांनी त्यांचे मडगार्ड काढले, टप काढले, गाडी हलकी केली. पण वेग आणखी वाढवायचा तर नवे पार्ट हवेत, आणि ते तर कुठेच विकत मिळत नव्हते.

अडलं म्हणून घडलं

व्हिक एडलब्रॉक यांचं लॉस एंजलिसला गाड्या दुरुस्त करण्याचं गॅरेज होतं. स्वतःच्या १९३२ सालच्या फोर्डसाठी त्यांना एक खास मॅनिफोल्ड हवा होता. मॅनिफोल्ड म्हणजे कार्ब्युरेटरमधून आलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण प्रत्येक सिलिंडरपर्यंत पोचवणारा फाटेफाटे असलेला नळ. मनासारखा मिळेना, म्हणून त्यांनी दोन कार्ब्युरेटर बसतील असा स्वतःच तयार केला. मग इतरही मागू लागले आणि त्यातूनच पुढे मोठा कारखाना उभा राहिला.

स्टुअर्ट हिलबॉर्न यांनी तर कार्ब्युरेटरच काढून टाकला! इंधन थेट फवाऱ्याने इंजिनात सोडणारी यंत्रणा त्यांनी स्वतः जुळवली. १९४८ साली त्यांची गाडी आटलेल्या तळ्यावर ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटर वेगाने धावली.

आणि बिल बर्क यांची युक्ती ऐका. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांना इंधनाची जादा टाकी लावत. इंधन संपलं, की टाकी हवेतच सोडून द्यायची. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून तिचा आकार पाण्याच्या थेंबासारखा लांबुळका असे. १९४५ साली युद्ध संपलं आणि उरलेल्या टाक्या स्वस्तात निघाल्या. बर्क यांनी १९४६ साली तसली एक टाकी घेतली आणि तिला चाकं लावून तिचीच मोटार केली! पुढे त्यांनी पी-३८ विमानाची मोठी टाकी घेतली. तिच्यात इंजिन आणि चालवणारा दोघंही मावले.

आधी पुठ्ठा, मग पत्रा

चला, आता आपण एक पार्ट मनातल्या मनात करून पाहू या. इंजिन सांगाड्यावर धरून ठेवणारी पकड घेऊ. तिला म्हणतात इंजिन माउंटिंग. जुन्या सांगाड्यावर परकं इंजिन बसवायचं, म्हणजे भोकाला भोक जुळणारच नाही.

पहिलं काम, इंजिन साखळीच्या कप्पीला टांगायचं आणि हळूहळू जागेवर आणायचं. समोर रेडिएटर, बाजूला स्टिअरिंगचा दांडा, कशालाही ते घासता कामा नये. नीट बसलं, की खाली लाकडी ठोकळे द्यायचे.

दुसरं काम ऐकून हसाल! कात्री आणि पुठ्ठा घ्यायचा. सांगाडा आणि इंजिन यांच्यामधल्या जागेत बसेल असा पुठ्ठ्याचा नमुना कापायचा. चुकला? टाका, दुसरा कापा. पुठ्ठ्याला पैसे पडत नाहीत. शिंपीकाका नाही का, नवं कापड कापण्याआधी कागदावर बेतून घेतात? अगदी तस्सं!

नमुना जमला, की तो जाड लोखंडी पट्टीवर ठेवून रेघ मारायची, पट्टी कापायची आणि कडा कानशीने घासून गुळगुळीत करायच्या. भोक पाडताना आधी टोच्याने खूण, मग बारीक ड्रिल, मग मोठं. एकदम मोठं ड्रिल लावलं तर ते घसरतं आणि भोक भलतीकडेच पडतं.

आता वेल्डिंग. इथे उतावळेपणा चालत नाही. लोखंड तापलं की प्रसरण पावतं, निवलं की आकुंचन पावतं, हे विज्ञानात शिकलात ना? एकाच बाजूने सलग वेल्डिंग केलं, तर निवताना ती बाजू आखडते आणि पट्टी वाकडी होते. म्हणून आधी चार ठिकाणी नुसते ठिपके द्यायचे. हा झाला कच्चा टाका! मग गुण्या लावून कोन तपासायचा, इंजिन पुन्हा बसवून बघायचं. सगळं जुळलं, तरच पक्का टाका, तोही थोडा इकडे, थोडा तिकडे. शेवटी इंजिन आणि पकड यांच्यामध्ये रबराची गादी घालायची, म्हणजे इंजिनाची थरथर सांगाड्याला जाणवत नाही.

तांबटांची विद्या

गाडीच्या अंगाचे गोलसर पत्रे कसे करतात? वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकतात. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो आणि मग चिरतो. म्हणून तो मधूनच तापवून मऊ करावा लागतो. ॲल्युमिनियमची पंचाईत अशी, की ते तापून लाल होत नाही, एकदम वितळतंच! मग तापलं किती हे ओळखायचं कसं? कारागीर पत्र्यावर काजळी धरतात आणि ती उडून जाईपर्यंतच ज्योत फिरवतात. काजळी गेली, पत्रा मऊ झाला!

ही विद्या आपल्याला नवी नाही बरं का. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथले तांबटकाका हंड्याचं तांबं असंच तापवतात, ठोकतात, पुन्हा तापवतात. हजारो कोस दूरच्या दोन कारागिरांना धातूने एकच धडा शिकवला, आहे की नाही मजा?

आणि पकड तुटली तर?

आता जरा गंभीर होऊ या. हंडा चिरला तर पाणी गळेल. पण धावत्या गाडीच्या स्टिअरिंगचा किंवा ब्रेकचा घरी केलेला पार्ट तुटला तर? चालवणाऱ्याचा जीव जाईल, आणि रस्त्याने चाललेल्या माणसाचाही. अमेरिकेत सुरुवातीला काही पोरं भररस्त्यात शर्यती लावत. अपघात होत, लोक चिडत. शर्यती रस्त्यावरून हलवून नियमांत बसवाव्यात, म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ साली ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. आधी गाडीची तपासणी, मगच शर्यत!

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे रस्त्यावरच्या गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. तेव्हा कोणी दादा मोटारसायकल कापून-जोडून ऐट मिरवत असेल, तर त्याला हे जरूर सांगा. खरी हौस असेल तर वाट आहेच. मध्य प्रदेशात पिथमपूरला २००७ साली ‘बाहा एसएई इंडिया’ ही स्पर्धा सुरू झाली. इंजिनीअरिंगचे विद्यार्थी तिच्यासाठी एक आसनी गाडी स्वतः बांधतात. परीक्षक ती कसून तपासतात. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जागच्या जागी थांबायला हवीत, नाहीतर पुढे जाता येत नाही.

पालकांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. घड्याळ उघडून बसणाऱ्या मुलाला आपण "अभ्यास कर, नाहीतर आयटीआयला टाकीन" असा धाक घालतो. वर्गात असं मूल बऱ्याचदा मागच्या बाकावर असतं. पण वरच्या त्या पकडीत कोन आहेत, मोजमाप आहे, उष्णतेचा धडा आहे, शिवाय न जमलं तर पुन्हा करण्याची चिकाटी आहे. हा अभ्यास नाही तर काय? फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या हातात माणसांचे जीव असतात. त्यांचं नाव धाक म्हणून घेऊ नका.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी हा प्रयोग. पुठ्ठ्याच्या सारख्या मापाच्या दोन पट्ट्या घ्या आणि दोन्ही काटकोनात दुमडा. एका पट्टीच्या आतल्या कोनात पुठ्ठ्याचा छोटा त्रिकोण उभा चिकटवा. डिंक वाळला, की दोन्हींची एक बाजू टेबलाच्या कडेला उभी घट्ट धरा आणि पुढे आलेल्या बाजूवर एकेक खोडरबर ठेवत जा. कोणती पट्टी आधी वाकते? मग रस्त्याने जाताना दुकानाच्या पाटीखाली, बसथांब्याच्या छपराखाली नीट बघा. तोच त्रिकोण कुठे कुठे दिसतो, ते वहीत लिहून ठेवा!