गाणाऱ्याची पट्टी आणि गिटारची दांडी

"सर, कॅपो कुठला घेऊ?" कडेगावात गिटार शिकवताना हा प्रश्न मला वारंवार येतो. मी विचारतो, गिटार कुठली आणि गाणार कोण?

आपल्याकडे गाणाऱ्याची पट्टी पेटीवर ठरते. पुरुष बहुधा काळी एक, काळी दोन मागतात, बायका काळी चार किंवा काळी पाच. नवशिक्याच्या बोटांना मात्र सी, डी, जी, ए हेच कॉर्ड सवयीचे, म्हणजे सगळे पांढऱ्या पट्ट्यांतले. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, बसवला की सहाही तारा अर्ध्या स्वराने चढतात. मग सीचा आकार धरला तर काळी एक वाजते, डी धरला तर काळी दोन, जीला काळी चार, एला काळी पाच. काळी तीनसाठी एफचा बार धरावा लागेल, तो लहान बोटांना जड जातो; तिथे कॅपो चौथ्या फ्रेटवर नेऊन डी वाजवावा. भजनी मंडळातल्या मावशींनी "काळी चार घे रे बाळा" म्हटलं की आठवीतला पोरगाही साथीला बसू शकतो. कॅपो मला मोलाचा वाटतो तो यासाठी.

पण तो सूर बिघडवणारा नको. तार गरजेपेक्षा जास्त दाबली की ताण वाढतो आणि स्वर चढतो; कमी दाबली तर झणझणते. मिरजेचे सतार-तंबोरे 2024 मध्ये भौगोलिक मानांकनाने देशभर गाजले. तिथला कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवतो आणि नाद बदलतो. ते एकदा कान देऊन ऐकलेल्याला कॅपोच्या दाबाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

स्टीलच्या तारांच्या साध्या अकूस्टिक गिटारचा फ्रेटबोर्ड किंचित फुगीर असतो, वरच्या टोकाला रुंदी साधारण 43-44 मिलिमीटर. तिला हलका बाक असलेला कॅपो लागतो. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार जवळजवळ 52 मिलिमीटर रुंद आणि फ्रेटबोर्ड सपाट. तिच्यावर बाकदार कॅपो लावला तर कडेच्या तारा दाबल्या जातात, मधल्या सुटतात. त्यामुळे तिच्यासाठी सपाट आणि लांब पट्टीचाच घ्यावा. दुकानात "सगळ्यांना चालतो" म्हणून देतात, ते मला अजिबात पटत नाही. शब नावाची कंपनी स्टील, नायलॉन, बारा तारा आणि जास्त बाकाची इलेक्ट्रिक यांसाठी वेगवेगळे कॅपो करते, त्याला कारण आहे.

बारा तारांच्या गिटारला सर्वांत जपावं लागतं. खालच्या स्वरांच्या चार जोड्यांत जाड तारेशेजारी बारीक तार असते. कॅपोची पट्टी जाड तारेवर टेकते आणि बारीक तशीच राहते. तिथे रबर मऊ आणि पकड जोरदार हवी. इलेक्ट्रिक गिटारचं उलट: तारा बारीक, दाब थोडाच पुरतो.

स्प्रिंगचा कॅपो एका हाताने झटकन सरकतो, गाण्यागणिक पट्टी बदलणाऱ्याला तो सोयीचा; पण त्याचा दाब ठरलेला असतो. स्क्रूचा बसवायला वेळ घेतो, पण दाब आपल्या हातात राहतो. घरात एकाहून अधिक गिटारी असतील तर मी स्क्रूचाच सुचवतो.

विकत घेताना आपली गिटार सोबत न्या. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे, फ्रेटला समांतर बसवा आणि एकेक तार स्वतंत्र छेडा. ट्यूनरवर पाहा, कुठली तार चढली. मग तोच कॅपो पाचव्या फ्रेटवर नेऊन पुन्हा पाहा, कारण दांडी तिकडे रुंद आणि जाड होत जाते. पहिल्या फ्रेटवर छान वाजणारा कॅपो तिथे कमी पडत असेल तर दुसरा मागा. रबरावर तारांच्या खोल खाचा पडल्या की ते बदलून घ्या, आणि वाजवून झालं की कॅपो काढून ठेवा, रात्रभर दांडीवर राहू देऊ नका.