पिंप धुतलं, मग रसायन गेलं कुठे?

आज आम्ही विश्रांतवाडीहून तुमच्याशी बोलतोय. विषय आहे निळ्या पिंपाचा. भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतं, दोनशे लिटर पाणी मावतं, गंजत नाही, फुटत नाही. टँकरची वाट बघणाऱ्या घरात असं पिंप म्हणजे सोनंच. बऱ्याच जणींनी विचारलंय, की पिंप निरम्याने तीनदा धुतलं, दोन दिवस उन्हात ठेवलं, आता त्यात प्यायचं पाणी भरलं तर चालेल ना?

याचं उत्तर देण्याआधी एका शब्दाचा घोळ सोडवू. कारखान्याच्या घातक कचऱ्यात 'सेंद्रिय रसायनं' असतात, असं पेपरात छापून येतं. सेंद्रिय म्हटलं की आपल्याला सेंद्रिय गूळ आठवतो, गांडूळखत आठवतं, आणि वाटतं, मग काय वाईट? पण रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे ज्याच्या मुळाशी कार्बन आहे ते. साखर सेंद्रिय, तसंच रॉकेल, पेट्रोल, रंगाचा थिनर, डांबरगोळी, आणि पिकावर मारायची बहुतेक कीटकनाशकंही सेंद्रियच. नावावरून ते चांगलं की वाईट हे कळत नाही. ते टाकल्यावर कुठे जातं, यावरून कळतं.

आणि हे कुठे जातं, ते तुम्हाला स्वयंपाकघरात रोज दिसतं. कपाटात डांबरगोळी ठेवली की दोन महिन्यांत ती संपते. कुणी उचलली नाही, पाण्यात विरघळली नाही. ती हवेत गेली, आणि साडीला वास लावून गेली. थिनर, पेट्रोल अशीच उडून जातात. उघड्यावर सांडलं तर तासाभरात जमीन कोरडी दिसते, पण ते संपलेलं नसतं, श्वासात गेलेलं असतं. काही रसायनं मिठासारखी पाण्यात विरघळतात आणि पाणी जाईल तिकडे जातात. काही हळदीसारखी. हळद नुसत्या पाण्यात घातली तर तळाशी बसते, पण फोडणीच्या तेलात टाकली की सगळा रंग सोडते. तेलकट गोष्टींची ओढ असणारं रसायन पाण्यात फारसं राहत नाही. ते चिकटायला जागा शोधतं: मातीतलं कुजलेलं खत, नदीच्या तळाचा गाळ, माशाची चरबी, दुधातली साय.

प्लास्टिकसुद्धा अशीच एक जागा आहे, आणि इथे आपल्या पिंपाचा प्रश्न येतो. लोणच्याचा प्लास्टिकचा डबा कितीही घासा, महिनाभराने झाकण उघडलं तरी मोहरी-हिंगाचा वास येतोच. हिंग गेला, वास राहिला, म्हणतात ते हेच. तेलकट रसायन पिंपाच्या आतल्या बाजूला नुसतं लागलेलं नसतं, भिंतीच्या जाडीत मुरलेलं असतं. साबण वरचं काढतो, आतलं तसंच राहतं. मग त्यात पाणी भरलं, ऊन लागलं, की ते थोडं थोडं बाहेर यायला लागतं. पाण्याऐवजी शेंगदाणे, लोणचं किंवा तेल ठेवलं तर पाण्यापेक्षा जास्त खेचलं जातं, कारण तेलाला तेल ओढतं. वास येत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कितीतरी रसायनं नाकाला कळण्याइतकी नसतात, तरी शरीराला लागू पडतात.

कायदाही हेच सांगतो. घातक कचऱ्याचे २०१६ चे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यांच्या यादीत घातक रसायन लागलेली रिकामी पिंपं, डबे आणि पिशव्या यांची घातक कचरा म्हणून वेगळी नोंद आहे. म्हणजे असं पिंप बाजारात विकायची वस्तूच नाही. ते परवाना असलेल्या ठिकाणी साफ होऊन किंवा वितळवूनच पुढे जायला हवं. आमच्या मते इथे घेणाऱ्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. कारखान्याच्या फाटकातून ते न धुता, बिनकागदाचं बाहेर पडतं तिथेच चूक झालेली असते.

आता धुतलेल्या पाण्याचं बघू. ते आपण मोरीत किंवा परसात ओततो. आमच्या विश्रांतवाडीचं गटारांचं, ओढ्या-नाल्यांचं पाणी शेवटी मुळा-मुठेत जातं. मुळा-मुठा दौंड तालुक्यातून जाऊन भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात. म्हणजे इथे शहरात गॅरेजवाल्याने नाल्यात ओतलेलं जळकं ऑइल आणि उजनीकाठच्या बाईने पाट्यावर चिरलेला मासा यांच्यात एक नदी आहे, बाकी काही नाही. त्या वाटेवर उडणारं उडून जातं, विरघळणारं पातळ होत पुढे जातं. पण चिकटणारं गाळात बसतं. गाळातले किडे ते खातात, किडे छोटा मासा खातो, त्याला मोठा मासा. प्रत्येक पायरीला ते वाढत जातं, कारण चरबीत शिरलेलं सहज बाहेर पडत नाही.

परसात ओतलं तर? काळी माती आणि शेणखत चिकट्या रसायनाला बरंचसं धरून ठेवतात. पण खाली मुरूम लागला की त्यातून पाण्याबरोबर ते निसटतं, आणि आपल्याकडच्या काळ्या कातळाच्या भेगांतून कुठल्या विहिरीत निघेल याचा नेम नाही. शेजारची विहीर चांगली आणि पलीकडची बिघडलेली, असं होतं ते या भेगांमुळेच. रॉकेल, डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून विहिरीत तवंग दिसतो आणि आपण सावध होतो. पण लोखंडी भागांवरचं ग्रीस काढायला कारखान्यात वापरतात ती क्लोरीनची काही द्रावणं पाण्यापेक्षा जड असतात. ती तळाशी जातात. वर पाणी काचेसारखं नितळ आणि खाली वर्षानुवर्षं झिरपणारा साठा! पुण्याचा कचरा जिथे नेऊन टाकला त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी कचऱ्याचं काळं पाणी विहिरीत उतरलेलं पाहिलंय. तिथे ते डोळ्यांना दिसत तरी होतं.

काळ गेला की सगळं मातीमोल होतं, असं आपण म्हणतो. सांडलेलं थोडं डिझेल मातीतले जिवाणू काही आठवड्यांत-महिन्यांत खाऊन टाकतात, ते खरं. पण डीडीटी घ्या. मलेरियाच्या फवारणीमुळे जुन्या बायकांना ते नाव माहीत असेल. शेतीत त्याला १९८९ साली बंदी आली. मातीत पडलेल्या डीडीटीतलं निम्मं जायलाच २ ते १५ वर्षं लागतात, आणि जे जातं तेही बरंचसं दुसऱ्या, तितक्याच टिकाऊ रूपात. भोपाळची वायुगळती १९८४ ची. त्या कारखान्याच्या आवारात पुरलेल्या-साठवलेल्या कचऱ्यातून रसायनं झिरपत राहिली आणि आजूबाजूच्या वस्त्यांच्या हातपंपांत उतरली. आवारातला काही कचरा नागपूरजवळ जाळायचं मध्ये ठरत होतं, महाराष्ट्राने नकार दिला. शेवटी तो २०२५ मध्ये पिथमपूरला जाळला. चाळीस वर्षं तो कुजला नाही, विरला नाही.

मग आपणच जाळलं तर? तेही नाही. घातक कचरा जाळायच्या भट्टीत धूर किमान ११०० अंशांवर दोन सेकंद तरी तापवावा लागतो. परसातल्या जाळात ती उष्णता टिकत नाही. प्लास्टिकची वायर, पीव्हीसीचे तुकडे कमी आचेवर जळले की डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते गवतावर बसतं, गाय गवत खाते, दुधाच्या स्निग्धांशात उतरतं. माणसाच्या अंगातून त्यातलं निम्मं जायला सात ते अकरा वर्षं लागतात. (आईच्या दुधातही अशी रसायनं सापडतात, तरी बाळाला अंगावर पाजणं थांबवू नये, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे मुद्दाम सांगतोय, कारण अर्धवट ऐकून कुणी दूध तोडायला नको.) आणि जुनं पिंप गॅसकटरने कापू नका, कापायला देऊ नका. आत राहिलेल्या वाफेचा भडका उडून माणसं गेली आहेत.

तर पिंपाचं उत्तर असं. आत आधी काय होतं हे दुकानदार लेबल दाखवून सांगू शकत नसेल, तर प्यायच्या पाण्याला, धान्याला, लोणच्याला आणि जनावरांच्या पाण्यालाही ते घेऊ नका. तळाला त्रिकोणात २ आकडा असतो, तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो, आत काय होतं ते नाही. नवीन घेताना पेला आणि काट्याचं चित्र बघा. गटाने मिळून दहा-वीस नवी पिंपं एकदम घेतली तर भावही कमी होतो. कीटकनाशकाच्या डब्याचं वेगळं: रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं आणि डब्याला भोकं पाडायची, म्हणजे कुणी तो घरात वापरणार नाही.

विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा, थिनरसारखा वास आला तर उकळून उपयोग नाही. उडणारं रसायन स्वयंपाकघरात पसरतं, न उडणारं पातेल्यात राहतं. तुरटीने गाळ बसतो, विरघळलेलं रसायन नाही. मेडिक्लोर टाकल्यावर वास कमी व्हायच्या ऐवजी औषधी, उग्र झाला तर पाण्यात फिनॉल असल्याचा संशय घ्या. प्यायच्या पाण्यात फिनॉलची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे दहा लाख लिटरला एक ग्रॅम.

जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच जणींना पाणी तपासायला शिकवलंय. तुमच्यापैकी काही जणी त्यात असतील. ते किट क्षार, नायट्रेट, फ्लोराइड अशा गोष्टी सांगतं. आज बोललो ती रसायनं त्यात दिसत नाहीत. किट 'चांगलं' म्हणालं आणि नाक 'नाही' म्हणालं, तर नाकाचं ऐका. ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे सेंद्रिय रसायनांचीच तपासणी लेखी मागा. नुसतं 'पाणी तपासा' लिहिलं तर नेहमीचीच तपासणी होते. नमुना तेच घेऊन गेले तर उत्तम. आपल्याला घ्यावा लागला तर बाटली काचेची हवी, प्लास्टिकची नको. प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या. काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर उडणारं रसायन त्या हवेत जातं आणि तपासणीत सापडतच नाही. झाकण घट्ट लावून, सावलीत, बर्फात ठेवून शक्य तर त्याच दिवशी पोचवा, आणि बाटलीवर विहिरीचं नाव, तारीख आणि वेळ लिहा.