इमोची रताळी, आपली सरकी

गेवराईकडची ऊसतोड टोळी फडात उतरली की पोरं मोठ्यांचं बघूनच वाढ्यानं मोळी आवळायला शिकतात. असं बघून शिकणं जनावरांतही असतं. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ मध्ये दीड वर्षाची माकडीण इमो मातीनं भरलेली रताळी पाण्यात धुऊन खाऊ लागली. सवंगडी शिकले, आई शिकली. म्हातारे नर मात्र ढिम्म! पुढच्या पिढ्यांनीही ती रीत चालवली. ही संस्कृतीच म्हणायची.

माणसाचं ज्ञान मात्र उतरंडीसारखं एकावर एक चढतं. कापसातली सरकी आधी हातानं निघे, मग चरकीनं, आता जिनिंगमध्ये. बियाणंही बदललं: २००२ मध्ये भारतात बीटी कापसाच्या बियाण्याला परवानगी मिळाली. एकट्याच्या डोक्यातून एवढं निघालं नसतं. बोलून, चुका दुरुस्त करून मुद्दाम शिकवल्यानं ही भर टिकते. माकडीण पिल्लाला असं सहसा शिकवत नाही.